हणमंतमामांचं नाक आणि आमचं जंक्शन

आमच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाला दरवर्षी कुणीतरी स्टेजवरून माझी ओळख करून देतं आणि दरवर्षी ती चुकते. एकदा मी 'रासायनिक शास्त्रज्ञ' झाले, एकदा 'गॅस एजन्सीवाल्या मॅडम'. मागच्या खेपेला निवेदकानं 'वासावर पीएच.डी. केलेल्या आपल्या ताई' असं जाहीर करून टाकलं आणि पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी रागावले नाही, कारण सगळ्यांत तोच खऱ्याच्या जवळ पोचला होता. नांदेडला फिजिक्सच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली आणि त्या नोकरीत मी एकाच कामाच्या मागे लागले होते. हवेत कुठला वायू मिसळलाय हे माणसाच्या नाकाआधी सांगेल अशी वस्तू बनवायची.

वस्तू दिसायला अगदी किरकोळ. सिलिकॉनची नखाएवढी चकती, तिच्यावर हिरव्या प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि दोन तारा. प्लॅस्टिक म्हटलं की लोकांना बादली आठवते, आणि बादलीतून वीज जात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण काही प्लॅस्टिकं आम्लात घडवली तर त्यांच्यातून वीज वाहते. तांब्याइतकी नाही, पण वाहते. त्यांना ऑर्गॅनिक सेमीकंडक्टर म्हणतात. आमच्या लाडक्याचं नाव पॉलिअनिलीन. हे प्लॅस्टिक आणि सिलिकॉन जिथं एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे जंक्शन. सासरी हा शब्द कळल्यावर मामंजींनी पूर्णा जंक्शनला माझं काय काम निघालं असं विचारलं होतं. तर या जंक्शनमध्ये विजेला एक उंबरठा लागतो. एका दिशेनं ती तो सहज ओलांडते, उलट दिशेनं अडखळते. हवेत अमोनिया आला की तो प्लॅस्टिकमधलं आम्ल ओढून घेतो, उंबरठा बदलतो आणि प्रवाह कमी होतो. किती कमी झाला हे मोजलं की अमोनिया किती आहे ते कळतं. एवढंच. या एवढ्याशासाठी मी उभं आयुष्य घातलं आणि परत संधी मिळाली तर परत घालीन.

खंत एकाच गोष्टीची आहे. आमच्यासारख्या प्रयोगशाळांत सेन्सर बनतो, काचेच्या बरणीत ठेवून त्याला मोजून गॅस दिला जातो, देखणा आलेख निघतो, पेपर छापून येतो आणि सेन्सर कपाटात जाऊन बसतो. बरणीतली हवा शहाणी असते, बाहेरची नसते. माझ्या कपाटात असे शहाणे सेन्सर डबेच्या डबे भरून होते. बाहेरच्या हवेत टिकला तो एकच, आणि तोही हणमंतमामांशी भांडून टिकला.

हणमंतमामा बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर ऑपरेटर होते. कंधारकडचे, उंच, आवाजानं खणखणीत. आमचा त्यांचा संबंध बर्फामुळं आला. पॉलिअनिलीन घडवायचं तर भांडं बर्फात ठेवावं लागतं. ऊब लागली की माल बिघडतो. नांदेडच्या उन्हाळ्यात आमच्या विभागाचा फ्रिज स्वतःच थंड राहिला तरी खूप, तो बर्फ कुठून करणार? मामांचं घर आमच्या विभागाच्या बाजूलाच होतं. ड्यूटी संपवून घरी जाताना ते गाडीच्या पुढ्यात पोत्यात गुंडाळलेली लादी ठेवून आणायचे, टेबलाशी येऊन ती फोडून द्यायचे आणि चहा घेऊन जायचे.

त्याच काळात माझी विद्यार्थिनी सुरेखा रडकुंडीला आली होती. सुरेखा भोकरची, आता स्वतः कॉलेजात शिकवते, पण तेव्हा तिचा प्रबंध अडकला होता. बरणीचं झाकण बंद, गॅसची नळी बंद, आणि तरी दुपारी एकदम प्रवाह खाली यायचा. तिनं रसायन बदललं, तारा बदलल्या, शेवटी नशिबाला बोल लावायला लागली. मी दोन-तीन दुपारी नुसती बसून राहिले, तेव्हा लक्षात आलं की प्रवाह पडतो तो बर्फ आल्यावर. मग मामांना सेन्सरजवळ स्टुलावर बसवलं, प्रवाह पडला. व्हरांड्यात पाठवलं, हळूहळू वर आला. परत बसवलं, परत पडला. बरणीचं झाकण नीट बसत नव्हतं आणि मामांचा शर्ट अमोनियानं भरलेला होता.

मी म्हटलं, मामा, तुमच्या कपड्यांना केवढा वास आहे. त्यांनी बाही नाकाला लावली, ओढून वास घेतला आणि मला काही येत नाही म्हणाले. मी आणि सुरेखा दोन हातांवर उभ्या होतो, आम्हाला चांगला येत होता. मला वाटलं सवय झाली असेल. वासात काम करणाऱ्याला वास कळेनासा होतो हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य आहे.

पण माणसाचा शर्ट इतका भरतो याचा अर्थ कारखान्यात कुठंतरी अमोनिया झिरपतोय. बर्फ करायला हाच वायू दाबून नळ्यांतून फिरवतात. थोडा निसटला तर डोळे चुरचुरतात, जास्त निसटला तर माणूस जातो. मी कारखान्याच्या मालकांना भेटले. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. लातूरचे व्यापारी, तिकडं चिंच आणि डाळीचं कोल्ड स्टोरेज, इकडं नांदेडला बर्फ. सरळ माणूस, पण वेळ वाया गेलेला खपत नसे. आमचा डबा कॉम्प्रेसरच्या खोलीत लावायला ते तयार झाले, मात्र एका अटीवर.

"लावा तुमचं मशीन," ते म्हणाले. "पण बोंबललं तर खरं बोंबललं पाहिजे. माझी माणसं सारखी बाहेर पळाय लागली तर काढून टाकीन."

या अटीत आमच्या शास्त्राची सगळी परीक्षा होती. बर्फाच्या कारखान्यात हवा सदा दमट. नुसता प्लॅस्टिकचा पापुद्रा लावला असता तर त्यानं ओल आणि अमोनिया यांत घोटाळा केला असता. जंक्शनचं तसं नाही. त्यात वीज सुलट घालून पाहता येते आणि उलटही. ओलीमुळं दोन्हीकडचे प्रवाह साधारण सारखेच हलतात. अमोनियानं सुलट बाजूचा जास्त पडतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की कोण आलंय ते कळतं. सुरेखानं महिनाभर खपून हे डब्यात बसवलं, वर एरवी हिरवा आणि गॅस आला की लाल होणारा दिवा लावला, भोंगा लावला, आणि आम्ही तो कॉम्प्रेसरच्या खोलीत दारावर उंच ठोकला.

हणमंतमामांना डबा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी असताना हे कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यांचा तसा दराराही होता. ऑपरेटर लोक गळती शोधायला गंधकाची कांडी पेटवून नळ्यांच्या जोडांजवळून फिरवतात. जिथं अमोनिया निसटतो तिथं पांढरा धूर उठतो. बाकीचे शंका आली तर कांडी काढायचे. मामा येता-जाता फिरवायचे. इतका दक्ष ऑपरेटर दुसरा मिळणार नाही, असं अप्पा लातूरच्या लोकांना सांगायचे.

आणि मग भोंगा वाजायला लागला. आज वाजला, परवा वाजला, पुढच्या आठवड्यात दिवसाआड वाजला. दरवेळी बर्फाचं काम थांबायचं, माणसं रस्त्यावर यायची, मामा आत जाऊन कांडी फिरवून यायचे आणि हात हलवून सांगायचे, "कुठंच काय न्हाई. मशीन येडं हाय." रस्त्यावरचे गाडेवालेसुद्धा हसायला लागले. अप्पांचा मला फोन आला. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की येत्या सोमवारी डबा काढून न्या.

मी हट्टी आहे. माझं जंक्शन खोटं बोलतंय हे मला कुणी सांगितलं तर आधी मी सांगणाऱ्याकडे बघते. सुरेखानं डब्यात साठलेले आलेख काढले, प्रवाहाचे नव्हे, त्यावरून मोजलेल्या अमोनियाचे. गळतीचा आलेख कसा असतो तर चढत जातो आणि थांबत नाही. हे आलेख एकदम सरळ वर उठत होते आणि थोड्याच वेळात उतरून जागेवर येत होते. म्हणजे वायू खरा होता, पण चिमूटभर होता आणि क्षणात येऊन जात होता. शिवाय यातला एकही आलेख रात्रपाळीतला नव्हता, सगळे मामांच्या पाळीतले होते.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. शेजारी लाद्या उतरवणारा एक गडी तंबाखू मळत होता. त्यानं चुना लावला, अंगठ्यानं घोटलं, वर थाप मारली, भुकटी उडाली आणि मला सणसणीत शिंक आली. ती शिंक पुरी व्हायच्या आत मला उत्तर मिळालं होतं. चुना लागला की तंबाखूतला अमोनिया मोकळा होतो. मळताना नाकाला झोंबतं त्यात त्याचाही वाटा असतो. विभागात परत येऊन मी आमच्या शिपायांना सेन्सरजवळ तंबाखू मळायला सांगितलं. मॅडमच्या हुकमानं, सरकारी वेळेत आणि प्रयोगशाळेत तंबाखू मळायची त्यांची ती पहिलीच वेळ, त्यांनी काम मनापासून केलं. आलेख हुबेहूब तसाच निघाला.

मात्र एक गोष्ट उरली. डबा दारावर उंच होता. खाली उभं राहून कुणी किती थापा मारल्या तरी त्याला पत्ता लागला नसता. त्याला चिडवायचं तर स्टुलावर चढून तळहात अगदी त्याच्या जाळीशी न्यायला हवा होता.

मी हे सुरेखालाही बोलले नाही. मामांची पाळी सुटायच्या वेळी गेले आणि कॉम्प्रेसरच्या खोलीमागं, जिथं पाण्याची टाकी आहे, तिथं त्यांना गाठलं. तुम्ही स्टुलावर चढून तंबाखू मळता, एवढंच म्हटलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते टाकीच्या कठड्यावर बसले.

"मॅडम, माझं नाक गेलंय," ते म्हणाले. "कोरोनात गेलं. समद्यांचं माघारी आलं, माझं न्हाई आलं. घरात भाकर करपली तरी बायकू सांगंल तवा कळतंय."

मग सगळंच बाहेर पडलं. कांडी ते दक्ष म्हणून फिरवत नव्हते, नाकाच्या जागी फिरवत होते. डोळे चुरचुरले की त्यांना गळती कळायची, पण तेव्हा उशीर झालेला असतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आमचा डबा आला आणि त्यांना वेगळीच चिंता लागली. उद्या खरंच काही निसटलं, डबा बोलला आणि खोलीत बसलेला माणूस गप्प राहिला, तर अप्पा विचारणारच की तुला वास कसा आला नाही. मुलगी लातूरला क्लासला होती, डॉक्टर व्हायचं म्हणत होती. या वयात दुसरं काम कोण देणार?

"नाक न्हाई तर ऑपरेटर कशाचा, मॅडम? तुमचं मशीन ऱ्हायलं तर मी जातो."

मला राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. मी त्यांना सांगितलं की अप्पांच्या कानावर मी हे घालणार नाही, पण तुम्ही घाला. आणि डब्याला हात लावायचा नाही, कारण आता तुम्हाला नाक आहे ते तेवढंच. माझं मशीन वास घेतं. व्हॉल्व्ह बंद करायला त्याला हात नाहीत. मामा सवडीनं सांगतो म्हणाले. ती सवड काही निघेना.

अप्पांना मी सांगितलं, की डबा तंबाखूला वाजत होता. हे खरंच होतं. कुणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. कारखान्यात न मळणारा माणूस शोधावा लागला असता. सुरेखानं डब्याची रीत बदलली. नुसतं चढलं म्हणून वाजायचं नाही. चढून उतरतंय का ते बघायचं, आणि चढतच राहिलं तर वाजायचं. खरं सांगायचं तर त्या बदलानं आमचा सेन्सर पहिल्यांदा बरणीबाहेर आला. मामांनी त्रास दिला नसता तर ही गोष्ट आम्हाला सुचायला अजून वर्ष लागलं असतं. अप्पांनी सोमवार पुढं ढकलला. त्यानंतर भोंगा गप्प झाला आणि मामाही डब्याकडं तिरकं बघायचे थांबले. खाली उभं राहून हिरवा दिवा लागलेला बघायचे आणि कामाला लागायचे.

लग्नसराई जोरात होती. बर्फाला उसंत नव्हती. एका सकाळी मी आणि सुरेखा डबा तपासायला गेलो होतो. अप्पा लातूरहून आले होते आणि अंगणात टेम्पोवाल्याशी बोलत होते. मामा मागं टाकीपाशी होते. दिवा लाल झाला आणि भोंगा वाजला.

अप्पांनी कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघितलं आणि परत तंबाखू का, असं विचारलं. सुरेखानं लॅपटॉप उघडाच धरला होता. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, उतरत नाहीये," ती म्हणाली. "चढतच चाललंय."

पुढच्या क्षणी वास आला. ज्यांनी हा वास मोठ्या प्रमाणात घेतला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. नाकात शिरत नाही, मारतो. छाती आपोआप बंद होते आणि पाय आपोआप चालू होतात. अप्पांचे गुडघे दुखतात हे सगळ्या नांदेडला माहीत होतं. ते त्या दिवशी गेटाबाहेर सर्वांत आधी पोचले. त्यांच्यामागं गडी, त्यांच्यामागं लॅपटॉप छातीशी धरलेली सुरेखा आणि निऱ्या हातात धरलेली मी. अमोनियावर माझे इतके पेपर आहेत, आणि पळताना त्यातलं एक अक्षरही मला आठवलं नाही.

रस्त्यावर येऊन आम्ही एकमेकांकडं बघितलं. हणमंतमामा नव्हते.

ते भोंगा ऐकून टाकीपासून पुढं आले होते. आम्ही पळत होतो त्याच्या उलट दिशेनं. गॅसचा मास्क अप्पांच्या ऑफिसात कपाटात होता, नवा कोरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि कपाटाची किल्ली अप्पांबरोबर रस्त्यावर आली होती. मामांनी खांद्यावरची दस्ती टाकीत बुडवली, नाकातोंडावर बांधली आणि आत शिरले. आम्ही गेटातून बघत होतो. दारातून पांढुरका धूर यायला लागला. एक गडी देवाचं नाव घेत होता. सुरेखा माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. मला एवढंच समजत होतं, की हा माणूस आत गेलाय तो माझ्या डब्यावर विश्वास ठेवून, आणि डबा चुकला असता तर फार बरं झालं असतं.

कॉम्प्रेसरचा आवाज थांबला. मग पाण्याचे फवारे सुरू झाल्याचा आवाज आला. अमोनिया पाण्यात विरतो, म्हणून ते लावलेले असतात. नंतर मामा भिंतीला धरत बाहेर आले. मेन व्हॉल्व्ह बंद झाला होता. गड्यांनी धरून त्यांना रस्त्याकडेच्या नळाखाली बसवलं आणि डोक्यावर पाणी सोडलं. डोळे लालभडक, खोकला थांबत नव्हता, पण श्वास चालू होता. दवाखान्यात पुढं त्यांना काही दिवस ठेवून घेतलं आणि छाती शाबूत असल्याचं सांगितलं. नळापाशी मात्र आम्हाला तसं काही माहीत नव्हतं.

अप्पा त्यांच्यासमोर वाकून उभे राहिले. सगळे गडी गोळा झाले होते. अप्पा कौतुकानंच विचारत होते हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"हणमंता, तुला वास कवा आला रे?"

मामांनी फक्त 'लगेच' म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात त्यांना तेच म्हणायला लावत होते. आज कुणी शंका घेतली नसती. नोकरी पक्की, उलट मान. मुलीचा क्लास, डॉक्टरकी, सगळं त्या एका शब्दात होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी गॅसमुळं वाहत होतं की कशामुळं, सांगता येत नव्हतं.

"मला वास येत न्हाई, अप्पा. कोरोनापास्नं न्हाई," ते म्हणाले. "तुमच्यापास्नं लपवून ऱ्हायलो व्हतो. आत्ता बी मला न्हाई आला. मशीननं सांगितलं म्हून गेलो."

नळ वाहत होता. टेम्पोवाल्यानं उगाच रुमालानं तोंड पुसलं. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते, नियम, जबाबदारी, माझं आधीपासून ठाऊक असणं, सगळं एकदम तोंडाशी आलं होतं. अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. ते अवघडत, गुडघा धरत, मामांसमोर त्या ओल्या जमिनीवर बसले.

"माझं नाक एकदम चांगलं हाय," अप्पा म्हणाले. "मला लगेच आला वास. आन् मी पळालो."

मग त्यांनी मामांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, भिजलेल्या कपड्यांनिशी आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्याकडं गाडी स्वतः चालवत नेली.